वावडं गेलं कुठे

१. पाटी

"जगात नाव हीच एकमेव खरी गोष्ट आहे, बाकी सगळा तपशील," असं आर्किटेक्टसाहेबांनी भरल्या बैठकीत जाहीर केलं, आणि त्याच क्षणी बाहेर त्यांच्या केबिनच्या दारावरची नवीकोरी पाटी एका बाजूने सुटून लोंबकळायला लागली.

दोष पाटीचा नव्हता. साहेब घरं बांधणारे आर्किटेक्ट नव्हेत, सॉफ्टवेअरचे. म्हणजे प्रोग्रॅमचा कुठला भाग कुठल्या फोल्डरात नांदायचा आणि त्या फोल्डराला हाक काय मारायची, हे ठरवणारे. गेल्या आठवड्यापर्यंत ते नुसते मुख्य आर्किटेक्ट होते. मग बढती झाली, नावापुढे 'वरिष्ठ' लागलं आणि पाटी दारापेक्षा रुंद झाली. सुतार म्हणाला, एकतर हुद्दा कापा नाहीतर दार वाढवा. साहेबांनी दोन्हींना नकार दिला. तेव्हापासून पाटीचं टोक चौकटीला अडत होतं आणि साहेबांचं दार काही पुरतं लागत नव्हतं.

बैठक मात्र पाटीसाठी नव्हती. कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटला औषध द्यायच्या आधी नर्सने ते पडद्यावर टाकायचं. त्या औषधाची पेशंटला अॅलर्जी असेल तर पडदा लाल होऊन बोंबलायचा. हा बोंबलणारा भाग जिने लिहिला तिने त्याच्या फोल्डराचं नाव ठेवलं होतं 'वावडं'. छोटं, सोपं, कुणालाही कळेल असं. आज सकाळी हॉस्पिटलातून फोन आला की नव्या आवृत्तीत पडदा बोंबलत नाही. वावडं गायब होतं.

"गायब केलं गेलंय," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी एकाच खुर्चीकडे पाहिलं.

त्या खुर्चीत ठिणगी बसली होती. वावडं लिहिणारी तीच. हे टोपणनाव तिला पहिल्याच आठवड्यात पडलं होतं आणि तिनं ते रोज कमावलं होतं. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी नामकरणाची संहिता आणली: प्रत्येक फोल्डराच्या नावातून तो कुठल्या कार्यालयाचा, कुणाच्या अखत्यारीतला आणि नेमका कशासाठी, हे सगळं कळलं पाहिजे. 'वावडं' हे नाव साहेबांना गावंढळ वाटलं. त्याचं झालं 'रुग्ण-औषध-प्रतिकूलता-पूर्वसूचना-व्यवस्थापन', आणि ते बसलं साहेबांच्या कार्यालयाच्या फोल्डरात. ते कार्यालय विभागाच्या फोल्डरात, विभाग कंपनीच्या. ठिणगी तेव्हा भर सभेत म्हणाली होती, "एक दिवस मी हे वावडंच उचलून घरी नेईन, मग काय नाव ठेवायचं ते ठेवत बसा."

हेच वाक्य साहेबांनी आता त्या सभेच्या वृत्तांतातून वाचून दाखवलं. मग नोंद दाखवली: त्या फोल्डराला शेवटचा हात ठिणगीचा. मग तिचा कॉम्प्युटर उघडला. वावडं तिथं सुखरूप होतं, अगदी सगळंच्या सगळं.

"मुद्देमाल," साहेब म्हणाले. "संध्याकाळी पत्र मिळेल. आणि कामावरून का काढलं ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल. चोरी."

या धंद्यात असं पत्र घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठिणगीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मागून आवाज आला. "माल मी पास केला होता. माझ्या सहीला काळं लागलंय. ते कुणी लावलं ते मी बघते."

ही खुसपटबाई.

२. दातखीळ

दुसऱ्यांच्या कामात खुसपटं काढण्याचा पगार घेणारी बाई, म्हणून खुसपटबाई. तपासणी विभागाची प्रमुख. निवृत्तीला आली होती आणि आयुष्यात एकदाही कुणाला "छान झालंय" म्हणालेली नव्हती. स्वयंपाकघरात सुनेच्या आमटीतही ती आधी मीठ शोधायची आणि सापडलं की हिरमुसायची. ठिणगीवर तिचं प्रेम होतं अशातला भाग नाही. ठिणगीच्या कामातल्या चुका तिनं इतक्या वेळा परत पाठवल्या होत्या की दोघी जिन्यात भेटल्या तर एक कठड्याला आणि दुसरी भिंतीला चिकटून जायची. पण तपासून पास केलेला माल बिघडतो म्हणजे काय? बाईंच्या कानशिलात सकाळपासून हातोडा चालला होता.

तिनं पहिला फोन हॉस्पिटलला लावला. सिस्टर बाईंपेक्षा जास्त तापल्या होत्या. बाईंना जरा बरं वाटलं.

सिस्टरांनी आधी कंपनीचा उद्धार केला, मग कॉम्प्युटरचा, मग तो शोधणाऱ्याचा. नवी आवृत्ती आली की त्या एक खोटा पेशंट तयार करायच्या, त्याला जगातल्या झाडून सगळ्या औषधांची अॅलर्जी आहे असं लिहायच्या, आणि एकेक औषध टाकून पडदा ओरडतो का ते बघायच्या. बाईंना ही पद्धत फार आवडली, पण तसं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

"मग पडदा मुळीच ओरडला नाही?" तिनं विचारलं.

"मुळीच कुठे? सल्फाला बोंबलला. आयोडीनला बोंबलला. पेनिसिलिनला दातखीळ. टेट्रासायक्लीनलाही तेच. अहो बाई, हा खोटा पेशंट होता म्हणून मी तुमच्याशी फोनवर बोलतेय. खरा असता तर मी कुणाशी बोलत असते?"

फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावर तसाच होता.

सकाळच्या बैठकीत सगळे म्हणाले, वावडं गायब. ते खरं नव्हतं. अर्धं गायब होतं. त्या फोल्डरात प्रत्येक औषधाची वेगळी फाइल होती, आणि चोराने पेनिसिलिन नेलं पण सल्फाला हात लावला नाही. रागावलेला माणूस अख्खं घर पेटवतो. नीट निवडून, अर्धी भांडी मांडणीवर ठेवून जाणारा हा कसला रागावलेला चोर?

निवडणारा काहीतरी बघून निवडतो. यानं काय बघितलं?

३. तीन जबान्या

ठिणगी खण रिकामा करत होती. म्हणजे खणातल्या वस्तू पिशवीत आपटत होती.

"मावशी, तुम्ही पण हसून घ्या," ती म्हणाली. "माझ्या चुकांचा डोंगर तुमच्याकडे आहेच. त्यावर झेंडा लावा."

"हसायला मला पगार मिळत नाही. शेवटचा हात तुझा कसा?"

साहेबांची बढती झाली, ठिणगीने सांगितलं, म्हणून त्यांच्या कार्यालयाच्या फोल्डराचं नाव बदललं. 'मुख्य'च्या आधी 'वरिष्ठ' आलं. हुकूम निघाला की ज्याने त्याने आपापला भाग उचलून नव्या नावाच्या फोल्डरात ठेवावा. तिनं ठेवला. शिव्या देत ठेवला, पण ठेवला. तिच्या कॉम्प्युटरवर तो आजही व्यवस्थित चालत होता.

"त्यानंतर माझ्याकडे तपासायला का नाही आला?"

"साहेब म्हणाले, गरज नाही. फक्त नाव तर बदललंय."

बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. तिला हे आत्ताच कळत होतं. तिनं पास केलेली आवृत्ती बढतीच्या आधीची होती. हॉस्पिटलात गेलेली बढतीनंतरची. तिची सही एका मालावर होती आणि दुकानात दुसराच मांडला होता.

"मावशी," ठिणगी एकदम हळू आवाजात म्हणाली, "मी नाही घेतलं. कुणी मेलं असतं ना माझ्या नावावर."

बाईंनी पिशवीतून एक कप काढून परत टेबलावर ठेवला. "हा इथंच राहू दे," ती म्हणाली आणि निघाली.

यंत्रांच्या खोलीत यंत्रदादा होता. सगळ्यांनी लिहिलेले भाग एकत्र करून एक प्रोग्रॅम बनवणारं जोडणीचं मशीन त्याच्या ताब्यात. मशीन इतकं जुनं की दादाने त्याच्यावर टाकायला घरून जुनी शाल आणली होती. ठिणगीचं आणि त्याचं हाडवैर. ती म्हणायची हे मशीन भंगारात घाला, आणि भंगारात मशीन गेलं तर पाठोपाठ आपण, हे दादाला माहीत होतं.

म्हणजे तिला अडकवायला त्याच्याकडे कारण होतं, आणि बाईंनी त्याला तसं तोंडावर सांगितलं. दादा चिडला. त्याचं म्हणणं, चोरी करायची असती तर त्यानं ठिणगीचा कीबोर्ड चोरला असता, निदान तिचं टाइप करणं तरी थांबलं असतं. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं: ज्याचा त्याचा फोल्डर उघडतं, आतली फाइल उचलतं, आपल्या पोटात घालतं. जे सापडलं त्याचा प्रोग्रॅम करतं, जे नाही त्याच्यासाठी अडून बसत नाही.

"आणि एखादी फाइल उचलता नाही आली तर?"

"कुरकुर करतं. पडद्यावर पिवळी ओळ येते. पण हल्ली कुरकुर नाहीये हो त्याची. सगळं हिरवंगार. शालीचा गुण असेल."

बाईंनी शालीकडे पाहिलं. जुन्या यंत्रांची कुरकुर वयाबरोबर कमी होते, असं तिच्या अनुभवात नव्हतं. स्वतःवरूनही ते दिसत होतं.

तिसरा माणूस उपआर्किटेक्ट. त्याला सगळे 'हो-साहेब' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. ठिणगीला मिळालेली जागा त्याला आपल्या मेहुण्यासाठी हवी होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"वावडं तुम्ही उडवलंत?" बाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग दचकून, "म्हणजे नाही. सवय आहे."

बाकी त्याच्याकडून काही निघालं नाही. ठिणगी उद्धट आहे, हो. साहेब थोर आहेत, हो. जोडणीचा अहवाल रोज साहेबांकडे तोच नेतो, हो. त्यात सगळं हिरवं असतं का? या प्रश्नाला हो-साहेबाने पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. तो खिडकीबाहेर बघायला लागला, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

बाई तडक साहेबांच्या केबिनकडे निघाली. दारात लोंबकळणाऱ्या पाटीचं टोक तिच्या कोपरात असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं पाटीला एक शेलकी शिवी दिली. मग ती पाटीकडे बघतच राहिली. दार संपलं होतं, पाटी संपली नव्हती.

"सल्फा," ती पुटपुटली. "आयोडीन." मग बोटाने हवेत मापत, "पेनिसिलिन. टेट्रासायक्लीन."

आत साहेब पत्रावर सही करत होते. फटीतून पेनाचा आवाज येत होता.

"सही थांबवा," बाई बाहेरूनच म्हणाली. "चोर सापडला. तो तुमच्याच बढतीबरोबर आत आला."

४. वरिष्ठ

सगळे पुन्हा बैठकीच्या खोलीत जमले. बाईंनी जोडणीच्या मशीनचा पडदा भिंतीवर दाखवायला सांगितला. ठिणगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"सकाळपासून आपण विचारतोय, वावडं कुणी नेलं," बाईंनी सुरुवात केली. "विचारायला हवं होतं, काय नेलं आणि काय सोडलं. सिस्टरांचं ऐका. सल्फा राहिलं, आयोडीन राहिलं. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लीन गेलं. औषध म्हणून यांच्यात काय फरक आहे ते डॉक्टर सांगतील. मला दिसतो तो फरक पाटी लिहिणाऱ्यालाही दिसेल. राहिली ती नावं आखूड, गेली ती लांब."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"चोराला लांब नावांचा शौक आहे, असं म्हणायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"चोराला नाही. दादा, तुमचं मशीन फाइल उचलताना तिचा पत्ता वाचतं ना? सगळ्यात बाहेरच्या फोल्डरापासून आत आत जात, फाइलच्या नावापर्यंत? तो पत्ता कितीही लांब चालतो?"

यंत्रदादाने डोकं खाजवलं. "नाही हो. जुनं आहे ते. पाकिटावर जेवढी जागा तेवढाच पत्ता. त्याच्यावर गेला की ती फाइल ते दारातच सोडतं." बोलता बोलता त्याचा जबडा खाली आला. "अरे देवा."

"ठिणगीचा कॉम्प्युटर नवा. त्याला कितीही लांब पत्ता चालतो, म्हणून तिथं सगळं शाबूत. मुद्देमाल नव्हता तो, साहेब, माल होता. दोन महिन्यांपूर्वी संहिता आली, वावड्याचं लांबलचक नाव झालं, पत्ता काठोकाठ भरला. तरी मावत होता. मी तपासलं तेव्हा पेनिसिलिन ओरडत होतं. मग मागच्या आठवड्यात त्या पत्त्यात एकच शब्द वाढला."

तिनं यंत्रदादाला खूण केली. त्यानं जोडणीच्या मशीनवर कार्यालयाच्या फोल्डराच्या नावातला 'वरिष्ठ' खोडला आणि जोडणी सुरू केली. सगळे भिंतीकडे बघत बसले. मग बाईंनी सिस्टरांचा खोटा पेशंट उघडला आणि पेनिसिलिन टाकलं.

पडदा लालभडक होऊन बोंबलला.

"योगायोग," साहेब म्हणाले.

बाईंनी 'वरिष्ठ' परत लावायला सांगितलं. पेनिसिलिन गप्प. सल्फा मात्र खणखणीत. 'वरिष्ठ' काढलं, पेनिसिलिन बोंबललं. तिनं हे पुन्हा केलं. खरं तर आता गरज नव्हती, पण तिला मजा येत होती आणि राग जायचा होता. तिसऱ्यांदा साहेबांनी हात वर केला.

"ठीक आहे. तांत्रिक बाब आहे. मशीनची चूक. पण मशीनने तक्रार करायला हवी होती. त्यानं केली नाही, याला मी काय करू?"

"केली त्यानं. पिवळ्या ओळी येतात. कुणीतरी त्या बंद केल्या." बाई वळली. "अहवाल रोज कोण नेतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. साहेबांचीही वळली, आणि तिच्या वळण्यात सुटकेचा एक लहानसा झोका होता.

"असं आहे तर," साहेब गंभीर झाले. "फार वाईट वाटतं मला. इतका विश्वास टाकला. माझ्या नकळत तुम्ही या सूचना दाबल्यात. बरोबर ना?"

आख्ख्या कंपनीला उत्तर माहीत होतं. हो-साहेब उठून उभा राहिला. त्याचे ओठ सवयीने 'हो'साठी गोल झाले. पण त्याचं लक्ष भिंतीवर गेलं, तिथं तो लाल चौकोन अजून होता आणि त्यात खोट्या पेशंटच्या नावाखाली लिहिलं होतं: देऊ नका.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

बाहेर पाटीचं टोक चौकटीवर घासलं.

"तुम्ही म्हणालात, बढतीच्या महिन्यात मला अहवालात फक्त हिरवं दिसलं पाहिजे. मी विचारलं, पिवळ्याचं काय करू. तुम्ही म्हणालात, ते मला विचारू नका. मी बंद केलं. माझा हात होता, ते मी नाकारत नाही. पण तुम्हाला ठाऊक होतं."

एवढं बोलून तो खाली बसला आणि आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखा टेबलाची कड धरून राहिला.

आता बाईंचा आवाज चढला. सकाळपासून तिनं तो दाबून धरला होता.

"सकाळी तुम्ही म्हणालात, नाव हीच एकमेव खरी गोष्ट. माझ्याकडे माल तपासायला पाठवायची वेळ आली तेव्हा म्हणालात, फक्त नाव तर बदललंय. यातले खरे साहेब कुठले? ती पोरगी अॅलर्जीला 'वावडं' म्हणाली तर तुम्हाला लाज वाटली. ते तिथं कशाला आहे, कुणासाठी आहे, हे कधी विचारलंत? तिकडे एका सिस्टरचा तुमच्यावर विश्वास नव्हता, म्हणून आज कुणाच्या घरी रडारड नाही. आणि तुम्ही या पोरीच्या नावावर चोरी लिहायला बसलात."

साहेबांनी खिशातून ते पत्र काढलं आणि फाडलं. चार तुकडे झाले, तरी ते फाडतच होते.

"झालं?" ठिणगी उठली. पिशवी तिनं टेबलावर दणकन ठेवली, आतला पेनांचा डबा वाजला. "माझं नाही झालं. सकाळी सगळ्यांसमोर मला चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर लिहून द्या की मी चोर नाही. आत्ता. तोवर मी इथून हलत नाही. आणि माझ्या फोल्डराचं नाव आजपासून परत वावडं."

"हो," हो-साहेब म्हणाला. यावेळी ते सवयीने नव्हतं.

बाईंनी हॉस्पिटलला फोन लावला. दुरुस्त आवृत्ती आत्ताच पाठवत होते आणि या वेळी ती स्वतः तपासून पाठवत होती. सिस्टर म्हणाल्या की त्या तरीही आपल्या खोट्या पेशंटवर ती चालवून बघणार. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, "छान." ते तिचं तिलाच इतकं विचित्र वाटलं की तिनं फोन घाईघाईने ठेवला.

आर्किटेक्टसाहेब भिंतीवरच्या त्याच मोठ्या पडद्यावर माफी लिहायला बसले. सगळे बघत होते. एकेक वाक्य ठिणगी वाचायची आणि मान हलवायची. नाही म्हणाली की ते खोडून पुन्हा लिहायचे. 'गैरसमजातून' खोडलं गेलं. 'काही अंशी' खोडलं गेलं. मोठ्या कष्टाने सरळ, आखूड, पुरती माफी तयार झाली. खाली त्यांनी हुद्दा न लिहिता नुसती सही केली.

मग फाइल साठवायची वेळ आली. पडद्यावर छोटीशी रिकामी चौकट उघडली आणि तिच्यात रेघ लुकलुकायला लागली. साहेबांची बोटं कीबोर्डवर तशीच थबकली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि शेवटी खालच्या आवाजात ठिणगीला विचारलं,

"जरा सांगतेस का, याला नाव काय देऊ?"